छोट्या विमानाचे स्पार्क प्लग: महागडे घ्यावेत की नेमके?

सेसना १५२ किंवा बहुतेक १७२ विमानांत चार सिलिंडरचं इंजिन असतं आणि त्यात आठ स्पार्क प्लग बसतात. प्रत्येक सिलिंडरला एक वर, एक खाली. दोन मॅग्नेटो या प्लगांना स्वतंत्रपणे ठिणगी पुरवतात. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहतं, आणि दोन्ही बाजूंनी ज्योत पेटल्यामुळे जळणही वेळेत आणि पूर्ण होतं. हे आठ प्लग बदलायची वेळ आली, की विमानमालकापुढे आणि फ्लाइंग क्लबच्या व्यवस्थापकापुढे एकच प्रश्न येतो. नेहमीचे जाड इलेक्ट्रोडचे प्लग घ्यावेत, की तिपटीहून जास्त किमतीचे इरिडियमच्या बारीक तारेचे?

विक्रेता म्हणतो, महागडे घ्या आणि निर्धास्त व्हा. हँगरमधले जुने लोक म्हणतात, साधेच बरे, उगाच पैसे कशाला घालवायचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तुमचं इंजिन सध्याच्या प्लगांचं काय करतंय, हे त्यांतल्या कोणीच विचारलेलं नसतं. निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. ती कशी करायची, हे विमानमालक, क्लबचालक, शिकाऊ वैमानिक आणि एएमईचा (विमान देखभाल अभियंत्याचा) अभ्यास करणारे विद्यार्थी अशा सगळ्यांसाठी इथे क्रमाने मांडतो आहे.

आधी यादी, मग किंमत

मोटारीच्या प्लगाबाबत आपण दुकानदाराच्या सल्ल्यावर भागवतो. विमानात ते चालत नाही. कोणत्या इंजिनाला कोणता प्लग चालेल, हे इंजिनाचा निर्माता लेखी ठरवून देतो. लायकोमिंगच्या इंजिनांसाठी ही यादी सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १०४२ मध्ये मिळते. कॉन्टिनेंटलची माहिती त्यांच्या देखभाल पुस्तिकांत आणि सर्व्हिस पत्रकांत असते, शिवाय प्लगनिर्माते स्वतःचे तक्ते देतात. इंजिनाच्या नेमप्लेटवरचं पूर्ण मॉडेल घेऊन बसा. नुसतं ‘ओ-३२०’ पुरत नाही, कारण त्यापुढची अक्षरं बदलली की प्लगही बदलू शकतो. यादीत नसलेला प्लग कितीही उत्तम असला तरी तो तुमच्यासाठी नाही.

रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या विमानांचा मामला वेगळा आहे. त्यांत १२ मिलिमीटर आट्यांचे, मोटारसायकलच्या घराण्यातले प्लग बसतात आणि ते ठरलेल्या तासांनी बदलून टाकायचे असतात. तिथे रोटॅक्सने दिलेला पार्ट नंबर हाच शेवटचा शब्द. पुढची चर्चा लायकोमिंग आणि कॉन्टिनेंटल इंजिनांची आहे.

प्लगावरचा नंबर वाचायला शिका

या इंजिनांच्या प्लगांत चॅम्पियन आणि टेम्पेस्ट ही दोन नावं प्रमुख आहेत. दोघांच्या नंबरांची घडण सारखीच; टेम्पेस्टच्या नंबराआधी ‘यू’ हे अक्षर लागतं, एवढाच फरक. ‘आरईएम४०ई’ हा नंबर घेऊ. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आहे. ‘ई’ म्हणजे हार्नेस (मॅग्नेटोकडून येणारी तार) जिथे जोडला जातो त्या वरच्या टोकाचे आटे ५/८ इंची आहेत. तिथे ‘एच’ असेल तर ते ३/४ इंची. ‘एम’ म्हणजे सिलिंडरमध्ये बसणारे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि अर्धा इंच लांबीचे. ‘बी’ असेल तर व्यास तोच, पण लांबी १३/१६ इंच. ‘४०’ हा उष्णतेचा दर्जा. शेवटच्या ‘ई’वरून इलेक्ट्रोड जाड आहे हे कळतं, ‘एस’ असेल तर बारीक तार आणि ‘बीवाय’ असेल तर इन्सुलेटरचं पुढे आलेलं नाक. कॉन्टिनेंटलच्या अनेक सहा सिलिंडरी इंजिनांत दिसणारा ‘आरएचबी३२ई’ आता तुम्हीच उलगडू शकाल.

आट्यांच्या लांबीत चूक झाली तर नुकसान थेट होतं. लांब प्लग ज्वलनकक्षात पुढे घुसतो आणि तापतो. आखूड बसवला तर भोकातले उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी योग्य प्लग नीट बसत नाही.

उष्णतेचा दर्जा त्याहून सूक्ष्म आहे. ज्या प्लगाच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरचं नाक लांब, तो उष्णता सावकाश सोडतो, म्हणून त्याला ‘हॉट’ म्हणतात. नाक आखूड असेल तर तो ‘कोल्ड’. विमानाच्या प्लगांत आकडा जितका मोठा तितका प्लग हॉट. जास्त ताकदीच्या, जास्त दाबाच्या इंजिनात हॉट प्लग घातला, तर त्याचं नाक लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. त्याला प्री-इग्निशन म्हणतात, आणि त्यात पिस्टन वितळायला काही मिनिटंही पुरतात. उलट, कमी ताकदीवर चालणाऱ्या इंजिनात कोल्ड प्लग घातला की त्याचं नाक पुरेसं तापत नाही आणि त्यावर मळ साचतो. म्हणून जाड इलेक्ट्रोडचा एक आकडा आणि बारीक तारेचा दुसरा आकडा यांची स्वतःच्या मनाने अदलाबदल करू नका. आरईएम४०ई चालणाऱ्या अनेक लायकोमिंग इंजिनांना बारीक तारेत आरईएम३८एस मान्य आहे. आकडा वेगळा दिसला म्हणून गोंधळू नका. यादीत आहे ना, एवढं पाहा.

जाड इलेक्ट्रोड आणि बारीक तार

जाड इलेक्ट्रोडच्या प्लगात मधोमध निकेलच्या मिश्रधातूचा जाडसर दांडा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन भक्कम इलेक्ट्रोड. ठिणगी प्रत्येक वेळी धातूचा कणभर भाग उडवते, म्हणून झिजायला भरपूर धातू ठेवलेला असतो. साधारण ४०० ते ५०० तासांत हे प्लग थकतात; मधला दांडा गोल न राहता लांबट होतो आणि बाजूचे इलेक्ट्रोड अर्ध्यावर येतात. तिथे ते टाकून द्यायचे.

बारीक तारेच्या प्लगात हाच भाग इरिडियमचा असतो. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, इरिडियम सुमारे २४४६ अंशांना. त्यामुळे तार बारीक असूनही टिकते. नीट सांभाळलेला संच २००० तासांच्या आसपास, म्हणजे इंजिनाच्या ओव्हरहॉलपर्यंत जाऊ शकतो. टिकाऊपणाच्या जोडीला आणखी दोन गुण आहेत. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, त्यामुळे मॅग्नेटो आणि हार्नेसवरचा ताण हलका होतो. आणि इलेक्ट्रोडच्या भोवती जागा मोकळी असल्याने मळ अडकायला ठिकाण कमी मिळतं, ज्योतीलाही पसरायला वाट मिळते.

एक कमजोरी मात्र लक्षात ठेवा. इरिडियम कडक असतं तसंच ठिसूळही. इलेक्ट्रोडांमधला गॅप कमी करताना बाजूची तार हळूच आत ढकलता येते, पण ती परत बाहेर ओढायला गेलात तर तुटते. निष्काळजी हातात हा प्लग पहिल्याच तपासणीत निकामी होतो.

खरी अडचण शिशाची

१००एलएल या ॲव्हगॅसमध्ये (पिस्टन इंजिनाच्या विमानांच्या पेट्रोलमध्ये) लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. नॉकिंग म्हणजे मिश्रणाचं स्फोटासारखं पेटणं (डेटोनेशन) रोखण्यासाठी ते घालतात. जळल्यावर हे शिसं धुरासोबत बाहेर जावं म्हणून इंधनात एथिलिन डायब्रोमाइड मिसळलेलं असतं. पण त्याचं काम होण्यासाठी प्लगाचं नाक सुमारे ४३० अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं हवं. रॅम्पवर इंजिन कमी आरपीएमवर, मिक्श्चर पूर्ण रिच ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालू राहिलं, तर नाक तेवढं तापत नाही आणि शिसं प्लगातच साचतं.

खालचा प्लग काढून उजेडात धरा. चिनी मातीच्या नाकाभोवतीच्या खोबणीत मोहरीच्या दाण्यांएवढे राखाडी, चकाकणारे मणी घट्ट बसलेले दिसतील. नखाने ते निघत नाहीत. एखादा मणी नाक आणि धातूचं कवच यांच्यामध्ये पूल बांधतो, आणि मग वीज गॅप ओलांडण्याऐवजी त्या पुलावरून निघून जाते. प्लग चांगला, हार्नेस चांगला, मॅग्नेटोही चांगला. पण ठिणगी नाही.

सेसना १५२ चा इतिहास इथे बोलका आहे. तिच्या आधीची १५० ही ८० ऑक्टेनच्या, कमी शिशाच्या इंधनासाठी होती. ते इंधन मिळेनासं होऊ लागलं, म्हणून १९७७ मध्ये १००एलएलवर चालणारी १५२ आली. तिच्या ओ-२३५-एल२सी इंजिनात प्लगांवर शिसं साचण्याची तक्रार पुढे फार झाली. त्यावर दोन बाजूंनी उपाय झाले. १९८३ पासून ज्वलनकक्षात बदल केलेलं ओ-२३५-एन२सी हे इंजिन आलं. आणि जुन्या इंजिनांसाठी पुढे आलेल्या नाकाचा आरईएम३७बीवाय हा प्लग उपयोगी पडला. ज्वालेत पुढे आलेलं त्याचं नाक लवकर तापतं आणि स्वतःला स्वच्छ ठेवतं. तो प्लग इरिडियमचा नव्हे. अडचण नेमकी ओळखली तर उपाय नेहमीच सगळ्यात महाग असतो असं नाही, हे १५२ चालवणाऱ्या प्रत्येक क्लबने लक्षात ठेवावं.

शिशाची ही डोकेदुखी कायमची नाही. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये जी१००यूएल या शिसेविरहित इंधनाला व्यापक मंजुरी दिली, आणि २०३० पर्यंत तिथल्या छोट्या विमानांच्या इंधनातून शिसं काढण्याचं उद्दिष्ट ठेवलेलं आहे. आपल्याकडे इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशातच तयार केलेलं ॲव्हगॅस बाजारात आणलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पहिली खेप न्हावा-शेवा बंदरातून पापुआ न्यू गिनीला गेली. तेही १००एलएलच आहे. म्हणून आज प्लग निवडताना शिसं हिशेबात धरायलाच हवं.

नवे मागवण्याआधी जुने वाचा

शंभर तासांच्या तपासणीत प्लग निघतात, तेव्हा ते कोणत्या सिलिंडरचे, वरचे की खालचे, हे कळेल अशा क्रमाने ट्रेमध्ये लावून ठेवायला सांगा. ही मांडणी म्हणजे इंजिनाचा तपासणी अहवालच आहे.

फिकट तपकिरी किंवा राखाडी, कोरडं नाक असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी सगळ्यांवर असेल, तर मिक्श्चर रिच आहे किंवा इंजिन फार वेळ आयडल चालतं. एकाच सिलिंडरचे दोन्ही प्लग तेलाने ओले असतील, तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे बघा. तिथे इरिडियम घालून काही साधणार नाही. फक्त खालचे थोडे तेलकट असणं स्वाभाविक आहे, कारण इंजिन बंद असताना तेल खाली उतरतं. नाकावर काचेसारखी झिलई असेल, तर बारीक धूळ आत जाऊन वितळते आहे. उन्हाळ्यात धूळ उडणाऱ्या धावपट्ट्यांवर उडणाऱ्यांनी अशा वेळी एअर फिल्टर आणि त्याच्या कडेचं सील आधी तपासावं. आणि नाकाला तडा असेल, तो केसाएवढा असला तरी प्लग बाद. त्याच सिलिंडरची बोरस्कोपने तपासणीही करून घ्यावी, कारण तडा हा प्री-इग्निशनचा किंवा डेटोनेशनचा पुरावा असू शकतो.

यासोबत मल्टिमीटरने प्रत्येक प्लगाचा रेझिस्टन्स मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. टेम्पेस्टने ५००० ओहम ही मर्यादा सांगितली आहे. त्याहून जास्त दाखवणारा प्लग बाहेरून नवाकोरा दिसला तरी ठेवू नका. काही जुन्या घडणीच्या प्लगांतला रेझिस्टर वापरात बिघडून आकडा फार वर जातो. अशा प्लगामुळे मॅग्नेटोवर ताण येतो, इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं, आणि दोष भलत्याच भागावर ढकलला जातो.

हिशेब मालकानुसार बदलतो

आता किमतीकडे येऊ. बारीक तारेचा प्लग तिप्पट-चौपट महाग, पण आयुष्यही साधारण चौपट. म्हणजे निव्वळ तासाच्या भावात दोघं जवळपास बरोबरीत येतात. फरक पडतो तो तुम्ही वर्षाला किती तास उडता त्यावर.

बारामती, धुळे किंवा गोंदिया इथल्या प्रशिक्षण संस्थांची विमानं रोज अनेक फेऱ्या करतात. वर्षाला ६०० तास धरले तर जाड इलेक्ट्रोडचा संच वर्षभरही पुरत नाही. प्रत्येक वेळी सफाई, गॅप, मजुरी, आणि रन-अपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत) मॅग्नेटो खडखडला म्हणून रद्द झालेली फेरी हे सगळं जमेस धरा. विद्यार्थ्यांच्या हातात टॅक्सी आणि आयडल यांचा वेळ जास्त जातो, म्हणजे शिसंही जास्त. तिथे बारीक तारेचे प्लग पैसे वसूल करतात, अट एकच: देखभाल करणारे हात सावध हवेत.

वर्षाला ४० तास उडणाऱ्या खासगी मालकाचं गणित उलटं आहे. लायकोमिंग तास भरले नाहीत तरी १२ वर्षांनी ओव्हरहॉल सुचवतं. १२ वर्षांत त्याचे तास होतात ४८०. तेवढं आयुष्य जाड इलेक्ट्रोडचा एक संचच देतो. २००० तासांचं आयुष्य विकत घेऊन ते वापरायलाच मिळत नाही. त्याला शिशाचा त्रास सतत होत असेल तरच बारीक तारेचा विचार करावा. निर्मात्याच्या यादीनुसार चालत असेल, तर खालचे चार बारीक तारेचे आणि वरचे चार जाड अशी विभागणी हा चांगला मध्यममार्ग आहे.

सहा सिलिंडरच्या टर्बोचार्ज्ड इंजिनाला बारा प्लग लागतात आणि उंचीवर विरळ हवेत हार्नेसमध्ये ठिणगी भलतीकडे उडण्याचा धोका वाढतो. कमी व्होल्टेजला उडणाऱ्या ठिणगीचं मोल तिथे अधिक. अशा इंजिनांच्या मालकांनी महागड्या प्लगांवर खर्च जरूर करावा.

खरेदी आणि बसवणं

प्लगासोबत त्याच्या निर्मात्याचं किंवा अधिकृत वितरकाचं रिलीज सर्टिफिकेट आलंच पाहिजे. कागद नसलेला स्वस्त प्लग विमानात लावता येत नाही. खोकं उघडल्यावर टोकांवरच्या संरक्षक टोप्या जागेवर आहेत ना, हे बघा. आणि नोंदणीकृत विमानावर हे काम परवानाधारक एएमईनेच किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचं आहे. मालकाने काय पाहावं, एवढंच मी इथे सांगतो आहे.

जाड इलेक्ट्रोडच्या प्लगाचा गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच, म्हणजे साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतो. मोटारीच्या प्लगाच्या जवळपास अर्धा. नवा प्लगही मोजल्याशिवाय बसवू नये. तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घ्यावा. सिलिंडरचं तापमान मोजणारा सेन्सर वॉशरच्याच आकाराचा असेल, तर त्या जागी वेगळा वॉशर लावायचा नाही. अँटी-सीझ अगदी थोडं, टोकाकडचा पहिला आटा सोडून. ते इलेक्ट्रोडवर उतरलं तर प्लग शॉर्ट होतो. लायकोमिंगसाठी टॉर्क ३० ते ३५ फूट-पाउंड, कॉन्टिनेंटलसाठी २५ ते ३०. हार्नेसचं टोक स्वच्छ, कोरडं असावं आणि त्याला उघडं बोट लागू नये. जुहूसारख्या समुद्राकाठच्या विमानतळावर पावसाळ्यात बोटांचा घाम आणि हवेतला ओलावा मिळून ठिणगीला आडवाट करून देतात.

हातातून खाली पडलेला प्लग टाकून द्या. आतला तडा बाहेरून दिसत नाही. इरिडियमचा पडला तर जीव हळहळतो, तरीही टाकाच.

तपासणीनंतर प्लगांच्या जागा बदलणंही महत्त्वाचं. मॅग्नेटोचा प्रवाह दर ठिणगीला दिशा बदलतो आणि सिलिंडरांची संख्या सम असल्याने एकाच जागी राहिलेल्या प्लगाला कायम एकाच दिशेचा प्रवाह मिळतो. मग एकच इलेक्ट्रोड झिजत राहतो. म्हणून प्लग फायरिंग ऑर्डरमधल्या पुढच्या सिलिंडरला न्यावा, वरचा खाली आणि खालचा वर.

बाकीचं वैमानिकाच्या हातात

कोणताही प्लग घेतला तरी त्याचं आयुष्य कॉकपिटमध्ये ठरतं. जमिनीवर थ्रॉटल पूर्ण मागे ओढून ठेवू नका. लायकोमिंग १००० ते १२०० आरपीएम सुचवतं. विमानाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर टॅक्सी करताना मिक्श्चर लीन करा. बंद करण्याआधी १५ ते २० सेकंद १८०० आरपीएमवर चालवा, म्हणजे प्लगाचं नाक तापून साचलेलं शिसं उडून जाईल. मग आरपीएम खाली आणून मिक्श्चरने इंजिन बंद करा.

रन-अपला १५२ मध्ये १७०० आरपीएमवर मॅग्नेटोची घट १२५ पेक्षा जास्त नसावी आणि दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त नसावा. घट मोठी आणि इंजिन थरथरत असेल तर बहुधा प्लग मळला आहे. पुस्तिकेनुसार थोडा वेळ आरपीएम वाढवून, मिक्श्चर लीन करून तो साफ होतो का पाहा. नाही झाला, तर फेरी रद्द करून परत या. दुसरा मॅग्नेटो आहे म्हणून उडायचं नसतं. तो आणीबाणीसाठी राखलेला असतो आणि रॅम्पवरच खर्च करून टाकायचा नसतो.

तेव्हा घाईने ऑर्डर देऊ नका. पुढच्या शंभर तासांच्या तपासणीला एएमईशेजारी उभे राहा, आठही प्लग ट्रेमध्ये ओळीने बघा, त्यांचे रेझिस्टन्स लिहून घ्या, कुठे शिसं आहे आणि कुठे तेल ते नोंदवा. इंजिनात दोष असेल तर तो आधी दुरुस्त करा. मग यादीत बसणारा, तुमच्या तासांना परवडणारा प्लग निवडा. तो आरईएम४०ई निघो, ३७बीवाय निघो की इरिडियमचा ३८एस. इतकं पाहून घेतलेला प्लग तुमच्या इंजिनासाठी सगळ्यात चांगला ठरेल.